संगणक सुरूच होत नाही तेव्हा

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे 65 किलोमीटर अंतरावर सिल्लोड हे तालुक्याचे गाव लागते. कापूस, मका आणि मिरची पिकविणारा हा तालुका. येथील शेतकऱ्याचा सरकारी कागदांशी वर्षभर संबंध येतो. नमुना 8 चा उतारा, मुलाच्या जन्मनोंदीचा दाखला, पीकविम्याचा अर्ज अशी कामे घेऊन तो ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येतो. सकाळची वेळ असते. केंद्रचालक संगणकाचे बटण दाबतो आणि काहीच घडत नाही. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, पडद्यावर अक्षर उमटत नाही. आदल्या दिवशी कार्यालय बंद करीपर्यंत यंत्र व्यवस्थित चालत होते. ‘कॉम्प्युटर उडाला’ एवढ्या दोन शब्दांत निदान उरकले जाते, दाराशी उभ्या असलेल्यांना दोन दिवसांनी येण्यास सांगितले जाते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्याला दूरध्वनी जातो.

हे निदान पुष्कळदा चुकीचे असते. मुळीच सुरू न होणाऱ्या संगणकाचा दोष बहुधा त्याच्या मेंदूत नसून विजेच्या वाटेत असतो. ही वाट भिंतीवरील खटक्यापासून सुरू होते आणि यंत्राच्या पेटीतील एका चौकोनी डब्यात संपते. तिचा मोठा भाग कोणत्याही हत्याराविना, एक पैसाही खर्च न करता, कार्यालयातील माणसालाच तपासता येतो. डबा बिघडला असला तरी तो साधारणतः हजार-दीड हजार रुपयांत बदलून मिळतो. असे असताना संपूर्ण यंत्र निकामी ठरवून नव्या खरेदीचा ठराव मांडला जावा, ही गोष्ट ग्रामपंचायतीला आणि शाळेला परवडणारी नाही.

कामकाज यंत्रावर आले

ग्रामपंचायतींचे संगणकीकरण राज्यात 2011 साली ‘संग्राम’, म्हणजेच संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, या प्रकल्पाने मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. पुढे 2016 पासून त्याची जागा आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक झाले. 2018 च्या महाराष्ट्रदिनी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, तर पंचायतींचा जमाखर्च व आराखडा यांसाठी केंद्र शासनाची ई-ग्रामस्वराज ही प्रणाली 2020 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. शाळांकडूनही विद्यार्थ्यांची माहिती संगणकावरूनच मागविली जाते. मुदतीचा कायदा यंत्राच्या आजाराची सबब ऐकून घेत नाही. यंत्र एक दिवस बंद राहिले की त्या दिवसाचा कारभारही थांबतो.

बटण म्हणजे केवळ विनंती

तपासणीस लागण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे इष्ट ठरेल. आय. बी. एम. कंपनीने 1981 साली बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाच्या बाजूस एक भलामोठा लाल खटका होता. तो खाली केला की वीज खरोखरच तुटत असे. 1995 मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची रचना पुढे आणली आणि ही पद्धत बदलली. आजच्या टेबलावरील संगणकाचे बटण वीज जोडत वा तोडत नाही. ते मुख्य पट्टीला, म्हणजे मदरबोर्डला, ‘आता सुरू व्हावे’ असा इशारा तेवढा देते. मदरबोर्ड तो इशारा वीज पुरविणाऱ्या डब्याकडे पोहोचवतो आणि मग डबा कामास लागतो.

या डब्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतून येणारा 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन तो यंत्राला 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा एकदिश प्रवाह देतो. संगणक बंद असतानाही, प्लग जोडलेला असेतोवर, तो 5 व्होल्टची एक क्षीण धार मदरबोर्डला पुरवीत राहतो. बटणाचा इशारा समजण्यापुरती जाग या धारेमुळे टिकते. यावरून दोन गोष्टी ध्यानी येतात. पहिली, बटण दाबून काहीच घडत नसेल तर बहुधा ही धार पोहोचलेली नाही, किंवा इशारा पोहोचलेला नाही. दुसरी, ‘बंद’ केलेल्या संगणकाची पेटी उघडताना प्लग काढलेलाच असला पाहिजे. अनेक जण ही पायरी गाळतात.

सवयीने आपण सर्व जण त्या पेटीलाच सीपीयू म्हणतो. वस्तुतः सीपीयू हे नाव पेटीतील काडेपेटीपेक्षाही लहान अशा एका प्रक्रियकाचे आहे आणि तो खराब होण्याचे प्रसंग फारच थोडे. ‘सीपीयू गेला’ असे तक्रारवहीत लिहिले की दुरुस्ती करणाऱ्यास काहीच बोध होत नाही आणि लेखापरीक्षकाचा मात्र गैरसमज होतो.

भिंतीपासून आरंभ

तपासणीचा क्रम बाहेरून आत असा असावा. प्रथम खोलीत वीज आहे काय, हे पाहावे. येथे टेस्टरवर विसंबणारे फसतात. टेस्टरचा दिवा फेजची तार जिवंत आहे एवढेच सांगतो. परतीची न्यूट्रल तार तुटलेली असली तरी तो लागतोच. म्हणून त्याच खटक्यावर टेबलपंखा किंवा दिवा लावून पाहणे अधिक भरवशाचे. पंखा मंद फिरत असेल तर दाब कमी आहे, हेही त्याच वेळी कळते.

भिंतीनंतर येते ती जोडपट्टी, जिला बाजारात स्पाइक गार्ड किंवा एक्स्टेंशन बोर्ड म्हणतात. तिला स्वतःचा खटका असतो आणि काहींना फ्यूजही असतो. झाडलोट करताना पायाने हा खटका बंद झाल्याची उदाहरणे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत, कारण ती वारंवार घडतात.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे यूपीएस. ग्रामीण कार्यालयांत संशयाचा पहिला मान याचाच. लहान यूपीएसमध्ये 12 व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती साधारणतः दोन-तीन वर्षे टिकते आणि उन्हाळ्यातील तापलेल्या पत्र्याच्या खोलीत त्याहूनही लवकर क्षीण होते. बॅटरी पूर्ण मेल्यावर काही यूपीएस मुख्य वीज असूनही चालू होत नाहीत. मग संगणक मेल्यासारखा भासतो. यूपीएस बाजूला ठेवून संगणकाची तार थेट भिंतीवरील तीन भोकांच्या सॉकेटमध्ये लावून पाहावी. यंत्र सुरू झाले तर दुरुस्ती फक्त बॅटरीची. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडण्याची चूकही अनेक ठिकाणी दिसते. असा प्रिंटर कागद तापविताना काही शे वॅट वीज एकदम ओढतो. 600 व्हीएच्या यूपीएसला हा भार झेपत नाही आणि तो संगणकासह सर्वच बंद करून मोकळा होतो.

वीज पेटीपर्यंत आणणारी काळी तार हा पुढचा दुवा. तिची परीक्षा अगदी सोपी आहे. बहुतेक मॉनिटरची तार तशीच असते. दोन्हींची अदलाबदल करावी. मॉनिटरचा दिवा बंद पडला आणि संगणक सुरू झाला, तर दोष तारेचा. तारेचे टोक पेटीच्या मागे घट्ट बसलेले असावे, कारण उंदराने तार कुरतडलेली नसली तरी टेबल सरकवल्याने ती सैल झालेली असू शकते.

पेटीच्या मागील बाजूस, तार जेथे शिरते तेथेच, पुष्कळ यंत्रांना एक लहान काळा खटका असतो. त्यावर उभी रेघ आणि वर्तुळ अशी चिन्हे असतात. रेघ म्हणजे चालू, वर्तुळ म्हणजे बंद. धूळ पुसताना तो खाली दाबला जातो आणि पुढे कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या डब्यांवर 115 व 230 असे आकडे असलेला लाल खटकाही आढळतो. त्यास कोणीही, विशेषतः प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांनी, हात लावता कामा नये. तो 115 वर सरकवून आपल्याकडची वीज दिली तर क्षणात स्फोटासारखा आवाज होऊन डबा जळतो.

एवढे करूनही यंत्र गप्प असेल तर आणखी एक उपाय आहे. त्यात काही जोखीम नाही. प्लग पूर्ण काढावा, कळफलक, माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह अशा सर्व जोडण्या सोडवाव्यात आणि समोरचे बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावे. दाबाच्या चढउतारानंतर एसएमपीएसमधील संरक्षक मंडल कधी कधी कुलूप लागल्यासारखे अडकून राहते. साठलेला भार निघून गेला की ते मोकळे होते. नंतर केवळ वीज व मॉनिटर जोडून बटण दाबावे. यंत्र सुरू झाले तर बाकीच्या जोडण्या एकेक करून लावाव्यात. यूएसबीच्या खाचेतील वाकलेली एक पितळी पट्टी किंवा बिघडलेला पेनड्राइव्ह यंत्र सुरू होऊ देत नाही, असे अशा वेळी उघडकीस येते.

वीज नाही की चित्र नाही?

दोन निरनिराळ्या आजारांची गल्लत नेहमी होते. पंखा फिरतो, पेटीचा दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा वीज पोहोचलेली असते. तेथे मॉनिटरची तार, त्याचा स्वतःचा खटका आणि स्मृतीची पट्टी म्हणजे रॅम यांचा विचार करावा. यंत्रातून ठरावीक अंतराने शिटीसारखा आवाज येत असेल तर तो बिघाडाचा सांकेतिक निरोप असतो. किती वेळा व किती लांब वाजले, हे लिहून ठेवल्यास दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल तर आत कोठे तरी तारा वा भाग एकमेकांस टेकत असण्याचा संभव आहे.

तारीख दरवेळी मागच्या एखाद्या वर्षाची दिसणे हा तिसराच प्रकार. मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर 2032 ही 3 व्होल्टची बॅटरी संपल्याचे ते लक्षण होय. त्याने यंत्र सहसा बंद पडत नाही, परंतु तारीख चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि डिजिटल स्वाक्षरी अडते.

न्यूट्रल तुटतो तेव्हा

‘अचानक’ या शब्दाचे खरे उत्तर अनेकदा गावातील खांबावर सापडते. रोहित्रापासून गावात तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. कोणत्याही एका फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टचा, तर दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्टचा दाब असतो. मृगापूर्वीच्या वादळवाऱ्यात, किंवा सांधा गंजल्याने, न्यूट्रल तुटला की निरनिराळ्या फेजवरील घरे व कार्यालये एकमेकांशी जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर भार जास्त तेथील दाब पडतो आणि जेथे भार कमी तेथे तो 300 च्याही पलीकडे चढतो. गावातील काही घरांचे दिवे डोळे दिपतील असे प्रखर आणि काही घरांचे मिणमिणते, हे याचे ठळक चिन्ह आहे. असे दिसताच मुख्य खटका बंद करावा आणि महावितरणला कळवावे. प्लग काढण्याच्या धावपळीपेक्षा मुख्य खटका जवळचा.

चढलेला दाब प्रथम एसएमपीएसवर येतो. दर्जेदार डब्यातील व्हॅरिस्टर नावाचा घटक तो आपल्या अंगावर घेतो, फ्यूज उडतो आणि पुढील भाग पुष्कळदा वाचतात. डबा मेला म्हणजे संगणक मेला असे नव्हे, ते याचसाठी. स्वस्तातल्या डब्यांत हे संरक्षण नावापुरतेच असते, म्हणून बदलताना दोन-चारशे रुपये वाचविण्याचा मोह टाळावा.

विजा चमकत असताना मात्र कोणतीही जोडपट्टी पुरेशी नाही. प्लग आणि त्यासोबत इंटरनेटची तार, दोन्ही काढून ठेवाव्यात. विजेचा लोळ दूरध्वनीच्या किंवा जाळ्याच्या तारेनेही आत येतो, हे विसरले जाते.

काळी माती आणि अर्थिंग

सिल्लोडसारख्या भागात आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते. कोठे भारी काळी माती, तर कोठे वीतभर मातीखाली मुरूम आणि अखंड काळा पाषाण, अशी ही जमीन आहे. पाषाण विजेला सहजासहजी वाट देत नाही. काळी माती पावसाळ्यात ओली असताना चांगली वाट देते, पण चैत्र-वैशाखात ती आक्रसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीभोवती पोकळी पडते. जुलैत उत्तम असणारे अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरते.

संगणकाच्या धातूच्या पेटीस हात लावल्यावर झिणझिण्या येणे ही त्याची पहिली सूचना. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतील गोंगाट गाळणारे घटक असतात. ते आपला किंचित प्रवाह अर्थच्या तारेने जमिनीत सोडतात. ती वाट बंद असेल तर हा प्रवाह पेटीवर साठून राहतो. हे पाहून काही जण प्लगची जाड, लांब पिन तोडून दोन पिनांचे काम भागवतात. यासारखा घातक उपाय नाही. अर्थिंगची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, ती सर्वांआधी जोडली जावी व सर्वांनंतर सुटावी म्हणून. भारतीय मानक ब्युरोची आयएस 3043 ही संहिता अर्थिंगच्या रचनेविषयी तपशीलवार मार्गदर्शन करते. कार्यालयातील अर्थिंगचे मोजमाप परवानाधारक तारतंत्र्याकडून उन्हाळ्यात करून घ्यावे. खड्ड्यात मार्चपासून आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओतणे हे काम शिपाईही करू शकतो आणि त्याला निविदा लागत नाही.

पेटी उघडायची झाल्यास

शाळांच्या बाबतीत जून महिना विशेष लक्ष देण्याचा. दीड महिना कुलूपबंद राहिलेल्या संगणक कक्षात धूळ बसलेली असते. पाली व मुंग्या एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरतात आणि पहिल्याच दिवशी वीज देताच ठिणगी उडते. खोली उघडल्यावर बटण दाबण्याची घाई न करता, प्लग काढलेल्या स्थितीत, बाहेरून जाळी स्वच्छ करावी आणि आत पाल मेल्याचा वास येतो काय हेही पाहावे.

ज्याला सराव आहे अशा शिक्षकाने बाजूचा पत्रा उघडण्यास हरकत नाही. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी. रॅमची पट्टी अलगद काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलीच्या खोडरबराने पुसून ती पुन्हा खटका वाजेपर्यंत बसवावी. मदरबोर्डवरील नळकांड्याच्या आकाराचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा ओघळलेले दिसले तर दोष तेथे आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर विकल्या गेलेल्या अनेक मदरबोर्डमध्ये सदोष कपॅसिटर आले होते आणि त्यामुळे यंत्रे अकाली निकामी झाली होती. एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास भार काही काळ शिल्लक असतो. डब्याची परीक्षा उघडून नव्हे, तर चांगल्या यंत्रातील डबा तात्पुरता लावून घ्यावी. ज्या शाळेत दहा संगणक आहेत तिला ही सोय घरचीच आहे.

माहिती कोठे असते

यंत्र बंद पडले की कार्यालयाला खरी धास्ती असते ती माहितीची. शासनाच्या संकेतस्थळांवर भरलेली नोंद दूरच्या सर्व्हरवर असते, स्थानिक यंत्र बंद पडल्याने ती जात नाही. परंतु करवसुलीचे तक्ते, ग्रामसभेच्या इतिवृत्ताचे मसुदे, लाभार्थ्यांची छायाचित्रे, शाळेचे निकालपत्रक यांचे वास्तव्य त्याच पेटीतील डिस्कवर असते. वीज न येणाऱ्या यंत्रातील डिस्क बहुतेक वेळा सुस्थितीत असते. ती काढून दुसऱ्या संगणकास जोडली की काम तासाभरात उभे राहते. मोठ्या दाबाच्या तडाख्यात डिस्कही जळाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून दर शुक्रवारी बाह्य डिस्कवर प्रत काढून ती दुसऱ्या इमारतीत, निदान दुसऱ्या खोलीतील कपाटात, ठेवण्याचा प्रघात पाडलेला बरा.

दुरुस्तीसाठी यंत्र तालुक्याबाहेर पाठविताना डिस्क काढून कार्यालयातच ठेवावी. एसएमपीएस किंवा मदरबोर्ड तपासण्यास तिची गरज नसते. त्या डिस्कमध्ये गावातील शेकडो कुटुंबांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील असतात. यंत्र परत येते, पण मध्यंतरी त्यातील काय कोणी उतरवून घेतले याचा हिशेब कोणत्याही पावतीवर नसतो.

वार्षिक देखभाल करार असेल तर तक्रारीत कोणकोणत्या तपासण्या केल्या ते क्रमाने लिहावे. ‘भिंतीवरील सॉकेट ठीक, यूपीएस वगळून पाहिले, तार बदलली, तरीही दिवा नाही’ एवढ्या एका ओळीने तंत्रज्ञ येतानाच एसएमपीएस बरोबर आणतो आणि दुसरी खेप वाचते. जुना भाग परत मागून घ्यावा व बदललेल्या भागाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करावी.

दुरुस्ती खरोखरच अशक्य ठरून यंत्राचे निर्लेखन करावे लागले, तरी ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊ नये. 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच दिला गेला पाहिजे. डिस्क त्यापूर्वी काढून, माहिती उतरवून घेऊन, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या समक्ष नष्ट करावी आणि तसा पंचनामा निर्लेखनाच्या कागदांना जोडावा.